अतिक्रमण नेमके कोणाचे?

‘वनजमिनींवरील अतिक्रमणे हटवणार’ ही बातमी वाचली. ‘अतिक्रमण’ हा शब्द खटकला. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सरकारी मेहेरबानी ठरली. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडणेही अडचणीत आले. ओरड एवढी झाली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरसाठी जंगल तोडणे मात्र शास्त्रीय व्यवस्थापन! २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत या ‘ऐतिहासिक अन्याया’ची कबुली आहे. वनहक्काच्या दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत आदिवासी वा पारंपरिक वननिवासीला त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून हुसकावू नये, असे त्याचे कलम ४(५) सांगते. तेव्हा नोटिसांआधी प्रलंबित दाव्यांची गावनिहाय यादी जाहीर करावी.

– एक वाचक, पालघर