कांद्याच्या पेशीत हरितलवके कुठून आली?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी नात नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत शिकते. परवा तिची विज्ञानाची प्रयोगवही चाळताना ‘कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी’ या प्रयोगाच्या आकृतीत मला हिरव्या पेन्सिलीने रंगवलेली हरितलवके, म्हणजे वनस्पतीला हिरवा रंग देणारे पेशीतील कण, दिसली, आणि शेजारी ‘बरोबर’ची खूण व सही होती. कांद्याच्या आतल्या पांढऱ्या पाकळीच्या पापुद्र्यात हरितलवके नसतात. चौकशी केल्यावर कळले, की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला प्रत्येक मुलाला जेमतेम काही क्षण मिळाले आणि आकृती सर्वांनी पुस्तकातील ‘वनस्पती पेशी’वरून उतरवून घेतली.

निवृत्त विज्ञान शिक्षिका म्हणून मला याचे फार वाईट वाटले. वनस्पती पेशी चौकोनी व प्राणी पेशी गोल, एकीला भित्तिका म्हणजे बाहेरची कडक भिंत आहे व दुसरीला नाही, हा तक्ता मुले पाठ करतात. पण तो फरक डोळ्यांनी पाहण्यासाठी लागणारे साहित्य आपल्या जिल्ह्यात घरोघरी टोपलीत पडलेले असते, याकडे आपले लक्ष जात नाही. लासलगावच्या बाजारात येणारा लाल कांदा घ्यावा, त्याच्या पाकळीच्या फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा चिमट्याने अलगद सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा आणि वर आच्छादक काच ठेवावी. शंभरपट मोठ्या दिसणाऱ्या त्या पापुद्र्यात विटांच्या बांधकामासारख्या एकमेकींना चिकटलेल्या पेशी दिसतात व त्यांतील रिक्तिकांमधला, म्हणजे रस साठवणाऱ्या पिशव्यांमधला, जांभळा रस पेशी काठोकाठ भरून टाकतो. मग आच्छादक काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्यावे. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसून भिंतीपासून सुटू लागतो, भिंत मात्र जागची हलत नाही. भित्तिका आणि तिच्या आतले प्रद्रव्यपटल (पेशीतील द्रव्याला वेढणारा पातळ पडदा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानंतर मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. पुन्हा साधे पाणी दिले, की जिवंत पेशी परत फुगते.

त्याच तासाला, तोंड खळखळून धुऊन, गालाच्या आतल्या बाजूवरून स्वच्छ, न वापरलेली काडी हलकेच फिरवावी व ती प्रत्येकाने स्वतःचीच वापरावी. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब टाकल्यावर निळसर, चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी सुट्या सुट्या दिसतात. काहींची कड कागदासारखी दुमडलेली असते, कारण तिला आधार द्यायला भित्तिका नाही. पुस्तकातील गोल आकृतीशी त्यांचे फारसे साम्य नसते. प्रत्येकीत गडद निळे केंद्रक, म्हणजे पेशीचे काम चालवणारा गोलसर भाग, मात्र ठळक दिसते, आणि कांद्याच्या पापुद्र्याला आयोडिनने रंग दिला तर तिथेही ते सापडते.

मला हे साम्य फरकाइतकेच मोलाचे वाटते. 1665 साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंतीच होत्या. केंद्रकाला नाव मिळाले ते 1831 मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांच्याकडून. पुढे 1838 मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींबाबत व 1839 मध्ये श्वान यांनी प्राण्यांबाबत, सजीवांचे शरीर पेशींचेच बनलेले असते हे मांडले. हा सारा प्रवास मुलांना दोन काचपट्ट्यांवर शेजारी शेजारी पाहता येतो.

हरितलवके दाखवायचीच असतील तर हायड्रिला या पाणवनस्पतीचे एक पान पाण्याच्या थेंबात ठेवावे. पेशीच्या कडेने ती सरकतानाही दिसू शकतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाहीत, म्हणून त्या प्रयोगवहीत काढायला लावू नयेत.

शहरातील व तालुक्यांतील शाळांना माझी कळकळीची विनंती आहे, की 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तक्ते लावण्याऐवजी मुलांचे लहान गट करून हा प्रयोग निवांत होऊ द्यावा, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत मुलाने जे पाहिले तेच काढले असेल, तर हरितलवकांविना काढलेल्या कांद्याच्या पेशीला पूर्ण गुण द्यावेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, नाशिक