वाढीव गुणांसाठी विद्यार्थ्याला उच्च न्यायालयात का जावे लागावे? – शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. दहावीच्या खेळाडू विद्यार्थ्यांचे वाढीव गुणांचे प्रस्ताव मी बावीस वर्षे तयार केले. प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, मुख्याध्यापकांची सही, शाळेचा गोल शिक्का, मग जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि तेथून विभागीय मंडळ, असा त्या कागदांचा प्रवास असे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची मुलगी राज्यस्तरावर खो-खो खेळली. तिने प्रमाणपत्र वेळेत शाळेत दिले होते, परंतु फाइल कपाटातच राहिली आणि मुदत टळून गेल्यावर पुढे गेली. निकाल हाती आला तेव्हा गुणपत्रिकेत खेळाचे गुण नव्हते. चौकशी केल्यावर ‘प्रस्ताव मुदतीनंतर प्राप्त’ एवढा शेरा वाचायला मिळाला. सर्वोत्तम पाच विषयांच्या 500 गुणांत 10 गुण म्हणजे 2 टक्के, आणि अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात 2 टक्क्यांनी पसंतीचे महाविद्यालय हातचे जाते, हे आपणांस सांगायला नको.

वकिलांनी रिट याचिकेचा मार्ग सांगितला. त्याच बैठकीत, सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये आपल्याच राज्य मंडळाच्या प्रकरणात फेरमूल्यांकन हा विद्यार्थ्याचा हक्क नसल्याचे सांगितले आहे आणि शैक्षणिक निर्णयांत न्यायालये सहसा हात घालत नाहीत, असेही ते म्हणाले. मुलीच्या वडिलांनी वकिलांची फी, खंडपीठापर्यंतचे हेलपाटे आणि पहिल्या प्रवेश यादीची तारीख यांचा हिशेब मांडला आणि याचिकेचा विचार सोडून दिला.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाबद्दल मला आदर आहे. उत्तरपत्रिकेला 38 गुण द्यायचे की 41, हे परीक्षकानेच ठरवावे. पण फाइल कोणत्या तारखेला पुढे गेली, हा प्रश्न शैक्षणिक कसा? तो आवक-जावक नोंदवहीचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायला उच्च न्यायालय लागावे, ही आपल्या व्यवस्थेची नामुष्की आहे.

नियम ऐनवेळी बदलल्यावर काय होते, तेही आठवावे. एप्रिल 2017 मध्ये, बारावीच्या परीक्षा सुरू असतानाच, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने गुण समायोजनाचे, म्हणजे अवघड प्रश्नपत्रिकेपोटी गुण वाढवून देण्याचे, धोरण बंद करण्याचे ठरवले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्या वर्षापुरते जुनेच धोरण चालू ठेवण्याचा आदेश 23 मे रोजी मंडळाला मिळाला. ते गुण काठिण्यपातळीचे होते, खेळाचे नव्हते. तरीही विद्यार्थी ज्या नियमांवर विसंबून परीक्षेला बसला, ते मागाहून बदलू नयेत, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

वाढीव गुण मुळातच बंद करा, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. खोट्या प्रमाणपत्रांच्या तक्रारी मी स्वतः पाहिल्या असल्याने त्यांचा राग मला समजतो. शासनाला तसे करायचे असेल तर मुले नववीत असतानाच जाहीर करावे. मैदानावर तीन वर्षे घाम गाळलेल्या मुलाला निकालाच्या दिवशी ते कळू नये.

तोपर्यंत माझी मागणी मर्यादित आहे. विद्यार्थ्याने शाळेत कागद दिल्याची तारीख हीच प्रस्तावाची तारीख धरावी आणि त्याची पोच त्याला तेव्हाच मिळावी. पुढील दिरंगाईची जबाबदारी शाळेची व कार्यालयाची राहावी. प्रस्ताव नाकारल्यास कारणांसह लेखी उत्तर निकालापूर्वी मिळावे आणि विभागीय मंडळात सात दिवसांत एक सुनावणी व्हावी. यासाठी कायदा बदलावा लागेल असे मला वाटत नाही. शासन निर्णय पुरेसा ठरावा, आणि तो येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी निघावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक