गेममधली चाळ आणि चौकातला मांडव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलं आणि व्हिडिओ गेम या विषयावर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. डोळे, व्यसन, हिंसा हे सगळं त्यात असतं आणि असायलाही हवं. मी स्वतः दोन मुलांचा बाप आहे. पण मूल ज्या जागेत तासन्‌तास फिरतं ती जागा कोणीतरी बसून आखलेली असते, याबद्दल एक ओळ कधी वाचायला मिळत नाही. नाटकाच्या परीक्षणात नेपथ्याला निदान एक वाक्य तरी मिळतं!

मी व्यवसायाने ड्राफ्ट्समन. प्लॅन काढायला आयटीआयमध्ये शिकलो, पण जागेत शिरलेला माणूस कुठे वळतो, कुठे थबकतो, हे आधी दाखवलं ते 'डूम'ने. राक्षस मारत फिरायचा हा गेम डिसेंबर 1993 मध्ये आला. पहिला भाग फुकट वाटायचीच मुभा होती, त्यामुळे फ्लॉपीवरून फिरत तो आमच्या परळपर्यंत पोहोचला. जॉन रोमेरोने आखलेल्या पहिल्याच लेव्हलमध्ये, म्हणजे टप्प्यात, सुरुवातीच्या खोलीला खिडकी आहे. बाहेर अंगणात निळं चिलखत पडलेलं दिसतं, पण तिकडे जायला दार नाही. वाट आहे ती पुढे, भिंतीत लपलेली. आधी दाखवायचं, मग शोधायला लावायचं. राक्षस मारून झाले तरी मी टॅब दाबून नकाशाच न्याहाळत बसे.

'डूम'मध्ये खोलीवर खोली रचता येत नाही, म्हणजे तिथे चाळ अशक्यच. 'क्वेक' या गेमने 1996 मध्ये ती अडचण दूर केली. त्याच्याच इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर, बेतलेल्या 'हाफ लाइफ' या गेमच्या सीडीवर 'वर्ल्डक्राफ्ट' हा नकाशे बनवण्याचा प्रोग्रॅम यायचा (अस्सल सीडी आमच्यात कोणी पाहिली होती म्हणा). सायबर कॅफेत 'हाफ लाइफ'वरच उभ्या असलेल्या 'काउंटर स्ट्राइक' या दोन गटांच्या चकमकीच्या गेमचा जोर होता, तेव्हा मी 'वर्ल्डक्राफ्ट'मध्ये त्याच्यासाठी आमची तीन मजली चाळ बांधली, एक इंच म्हणजे गेमच्या मापातलं एक युनिट धरून.

पहिली अडचण रुंदीची. गेममधला माणूस 72 युनिट उंच, म्हणजे बरोबर सहा फूट. पण रुंदीला तो 32 युनिटांचा चौकोनी ठोकळा. आमची गॅलरी साडेतीन फुटांची, म्हणजे 42 युनिट. प्रत्यक्षात तिथे पाण्याची पिंपं, चपलांचे ढीग आणि समोरून येणारी काकू, सगळ्यांतून वाट निघते. गेममध्ये दोन माणसं समोरासमोर आली की वाहतूक ठप्प. गॅलरी दुप्पट केली तेव्हा कुठे ती खरी वाटू लागली.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. कुठून काय दिसू शकतं याचा हिशेब हे इंजिन आधीच करून ठेवतं, म्हणजे आडोशापलीकडचं चितारायचा भार पडत नाही. चाळीच्या चौकात आडोसाच नाही! प्रत्येक दारातून प्रत्येक दार दिसतं. हिशेब रात्रभर चालायचा आणि एवढं करून गेम अडखळायचा. खेळायला बसलं की लांबून नेम धरायची स्नायपर बंदूक घेऊन तिसऱ्या मजल्यावर जो आधी पोहोचला, त्याचं राज्य. खालच्यांनी फक्त मरायचं.

डेव्हिड जॉन्स्टनने केलेला 'काउंटर स्ट्राइक'चा 2001 चा 'डस्ट टू' हा नकाशा मग मी नीट पाहिला. मधल्या लाकडी दारांना बारीक फट आहे. पलीकडून आडवा पळणारा तिच्यातून क्षणभरच दिसतो. तेवढ्याच फटीवर सगळी चुरस. मी चौकात गणपतीचा मांडव घातला, गॅलरीच्या कठड्यांवर चादरी वाळत टाकल्या आणि संडासाकडचा मागचा जिना उघडा केला. लगेच डाव रंगायला लागले. खालच्याला लपत लपत जायला वाट मिळाली, वरच्याला पाठीमागची धास्ती. गणेशोत्सवात चाळीतली पोरं मांडवाच्या आडूनच का पळतात, हे मला ते नकाशे करताना उलगडलं. आज ऑफिसात हौसिंग सोसायटीचा प्लॅन समोर आला की गेटवरून जिना दिसतो का, हे मी आधी बघतो.

माझी सूचना एवढीच की गेमबद्दल लिहिताना ग्राफिक्स आणि किमतीबरोबर एखाद्या लेव्हलचा नकाशाही छापा, वास्तूचा छापता तसा. कोण कुठून येतो, काय आधी दिसतं, उजेड कुठे ठेवलाय, हे सांगणारी छोटी चौकट पुरे. 'डूम'चे नकाशे करायचा 'अल्टिमेट डूम बिल्डर' आणि 'क्वेक'चे करायचा 'ट्रेंचब्रूम' हे दोन्ही एडिटर फुकट मिळतात. तेवढी नावं चौकटीखाली दिलीत, तर ज्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे ती मुलं पुढचं स्वतः बघून घेतील.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई