कपाटातला तो जुना रिपोर्ट बाहेर काढा

आपले मंडळ कित्येक वर्षे तालुक्यात रक्तदान शिबिरे घेत आहे. शिवजयंती असो वा गणपती, तुम्ही रांगा लावून रक्त दिलेत. प्रत्येक पिशवीची रक्तपेढीत हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारासाठी तपासणी होते आणि दोष दिसला तर दात्याला खाजगीत कळवतात. पुढे त्या माणसाचे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही. ही आमची चूक आहे.

ज्यांनी रिपोर्टमध्ये हा आजार निघाल्याचे आपणहून आम्हाला सांगितले होते, त्यांची यंदा चौकशी केली. बहुतेकांनी उपचार सुरूच केलेला नाही. एका भावाने पत्र्याच्या पेटीतून कागद काढला. घड्यांवर फाटलेला, पण जपून ठेवलेला. "दुखत काहीच नव्हतं, म्हणून राहिलं," म्हणाला. या आजाराचा धोका नेमका हाच आहे. वीस-वीस वर्षे काही जाणवत नाही आणि आतल्या आत यकृत घट्ट होत जाते. पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते, कोणाला कॅन्सर होतो, तेव्हा कुठे कळते.

काहीजण खर्चाला घाबरून थांबले. त्यांचे चुकले असे कसे म्हणावे? तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्महिने घ्यावी लागत, खर्च लाखांत जाई, अंगात ताप भरे आणि एवढे करून गुण येईलच याची खात्री नसे. आता तसे राहिलेले नाही. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात सरकारी उपचार केंद्रांवर या आजाराची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. बहुतेकांना सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर या गोळ्या रोज, १२ आठवडे घ्याव्या लागतात. यकृत जास्त खराब असेल तर डॉक्टर औषध बदलतात किंवा मुदत वाढवतात. शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात.

रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अजून अंगात आहेच, असेही नाही. काहींच्या शरीरातून तो आपोआप गेलेला असतो. ते आरएनए तपासणीत, म्हणजे रक्तात विषाणू अजून आहे का हे पाहणाऱ्या तपासणीत कळते. त्यामुळे आधी ती तपासणी, मग औषध. गावठी औषध घेऊन किंवा काविळीची माळ घालून हा विषाणू जात नाही, कृपया त्यात वेळ घालवू नका.

लोक याला पांढरी कावीळ म्हणतात आणि घरात त्या माणसाचे ताट वेगळे ठेवतात. हे थांबले पाहिजे. एका ताटात जेवल्याने, जवळ बसल्याने, मूल कडेवर घेतल्याने हा आजार लागत नाही. तो रक्तातून पसरतो: एकच सुई अनेकांना वापरल्याने, एकाचे ब्लेड दुसऱ्याने घेतल्याने, पूर्वी तपासणीशिवाय चढवलेल्या रक्तातून. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने एका आईने स्वतःचा रिपोर्ट जाळला. त्या माउलीला आमचा शब्द आहे: तुमचे नाव कोणत्याही वहीत, फलकावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही.

आता मदतीचे. तालुक्यातल्या डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना विनंती, जुनी रजिस्टरे उघडा आणि अशा रुग्णांना तुम्ही स्वतः फोन करा. त्यांची यादी आम्हाला नको. निवृत्त नर्सताई आणि आशाताई सोबत आल्या तर रुग्णाला जिल्हा रुग्णालयात एकटे बावरल्यासारखे होणार नाही. पैसाही लागेल. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पण मजुराचा खाडा कोण भरून देणार? तपासणीला एक खेप, गोळ्यांसाठी दर महिन्याला एक, आणि गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणू गेला का हे पाहायला आणखी एक. ही शेवटची खेप बरेचजण चुकवतात. एका रुग्णाच्या एका खेपेचे भाडे, जेवण आणि बुडालेला रोज एवढे जरी तुम्ही उचललेत, तरी मोठे काम होईल. रोख दिलीत तर पावती जरूर घ्या. हिशेब महिन्याच्या शेवटी कार्यालयाबाहेर लावू, त्यात फक्त रक्कम असेल, रुग्णाचे नाव नसेल.

दर रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसतो. गर्दी नको वाटत असेल तर निरोप द्या, आम्ही घरी येऊ. रिपोर्ट हरवला असेल, जाळला असेल, तरी या. तपासणी नव्याने करता येते.

— रक्तदान मंडळाचे सर्व कार्यकर्ते