पुढच्या ब्रेकची भीती घालवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर माझं दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. एकतीस वर्षं हेच काम करतोय. गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या आणि दुचाक्यांच्या अपघातांच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. त्या वाचून दरवर्षी मनात येणारी एक गोष्ट यंदा लिहून कळवतो आहे.

सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीची दोन्ही चाकं मी खोलतो. मागच्या ड्रमातले ब्रेक शू, म्हणजे ड्रमाला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, बहुतेक वेळा संपलेले असतात. लायनर घासून पत्र्याला पत्रा लागलेला असतो आणि ड्रमाला आतून रेघा पडलेल्या असतात. मग पुढचं चाक खोलावं, तर चार-चार वर्षांच्या गाडीचे शू कंपनीतून आले तसेच. त्यांच्यावर नुसती धूळ. लिव्हरच्या पिनेला गंज धरलेला, केबल आतून सुकलेली. माणूस गाडी कशी चालवतो हे त्याला विचारावं लागत नाही, ही दोन चाकंच सांगतात. आपल्याकडं पुढचा ब्रेक लोक वापरतच नाहीत.

याचं कारण घरातच आहे. मला मामांनी राजदूत मोटारसायकल शिकवली, तेव्हा पहिलं वाक्य होतं, "पुढच्याला हात लावायचा नाही, तोंडावर आपटशील." त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलं असणार. मला वाटतं ही भीती सायकलवरून आली. सायकल हलकी आणि आखूड, माणूस उंच बसलेला. उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की उलटायला होतं. मोटारसायकल जड आणि लांब असते, तिचं गणित वेगळं आहे. ब्रेक लागला की सगळं वजन पुढं येतं, पुढचं चाक धरणारा फोर्क खाली बसतो आणि पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं. म्हणजे गाडी थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. एकटा मागचा जोरात दाबला तर हलकं झालेलं चाक जाम होतं, आणि गाडी थांबायच्या ऐवजी शेपूट फिरवत घसरत जाते.

हे मला ठाऊक होतं. तरी गिऱ्हाईक म्हणायचं, "मेस्त्री, पुढचा लई धरतोय, जरा ढिला ठेवा," आणि मी पाना घेऊन चाकाजवळचा नट दोन आटे मागे घ्यायचो. असे किती जणांचे ब्रेक मी ढिले करून दिले, त्याची मोजदाद माझ्याकडं नाही. माझ्या मुलीच्या स्कूटरचाही मीच ढिला केला होता. तिला गाडी शिकवताना मामांचं वाक्य मी जसंच्या तसं तिला दिलं होतं.

मागच्या हंगामात ती संध्याकाळी माधवनगरकडून येत होती. दिवस मावळून गेला होता, पण पुरता अंधार पडला नव्हता. त्या वेळेला समोरचं धड दिसतही नाही आणि दिसत नाही असंही वाटत नाही. पुढं उसाची दुहेरी ट्रॉली चालली होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. ट्रॅक्टर थांबला. हिला ते कळलं तेव्हा अंतर थोडं उरलं होतं. डाव्या हाताचा, म्हणजे मागचा ब्रेक तिनं सगळा जोर लावून दाबला. रस्त्यावर वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पडलेलं होतं. मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी झाली आणि ट्रॉलीच्या अलीकडं दोन हात अंतरावर पोरगी पडली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. डोक्यात हेल्मेट होतं आणि पट्टा लावलेला होता, म्हणून आज हे पत्र मी या सुरात लिहू शकतो.

दुसऱ्या दिवशी स्कूटर गॅरेजमध्ये आणली. पुढचं लिव्हर दाबलं, तर ते जवळजवळ मुठीला टेकलं. तिनं पुढचा ब्रेक धरला असता तरी तो धरणार नव्हता.

ट्रॉलीवाल्याचा दोष आहे, आणि मागं दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यावर येऊ देणाऱ्यांचाही आहे. पण माझ्या हातचा दोष दुसऱ्याच्या नावावर टाकून मला झोप लागली नसती.

हात गळ्यात असताना मुलगी मोबाइलवर मोटारसायकल प्रशिक्षणाचे व्हिडिओ बघायला लागली. मलाही शेजारी बसवून घेतलं. ती इंजिनिअरिंगला आहे, इंग्रजी वाचते. तिनंच सांगितलं की अमेरिकेत कॅलिफोर्नियात हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं मोटारसायकलच्या नऊशेच्या आसपास अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि 1981 साली त्याचा अहवाल निघाला. त्यात लिहिलंय की अपघात टाळायच्या क्षणी बहुतेक चालक मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा पुरेसा वापरत नाहीत. ते वाचून दाखवल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. माझ्या गॅरेजमधले ते कोरे ब्रेक शू मला आठवत होते. इंग्लंडमध्ये 1990 पासून नवख्या माणसाला एकट्यानं मोटारसायकल रस्त्यावर न्यायच्या आधी मूलभूत प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि तिथल्या परीक्षेत ताशी 50 किलोमीटरच्या वेगावरून अचानक थांबून दाखवावं लागतं. माझ्या मुलीच्या लायसनच्या वेळी मैदानावर तिच्याकडून आठचा आकडा काढून घेतला, पाय टेकला नाही म्हणून पास केली. आठ काढता येणं चांगलंच आहे, त्यात तोल कळतो. पण आठ काढताना कुणी ट्रॉलीला धडकत नाही.

व्हिडिओ चांगले असतात, हे मी मनापासून म्हणतो. फोर्क कसा बसतो, मागचं चाक कसं उचलल्यासारखं होतं, हे सावकाश करून दाखवलेलं बघितल्यावर एकतीस वर्षांचा माझा अनुभवसुद्धा नव्यानं समजला. पण त्यातले पुष्कळ परदेशातले आहेत. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. तिथला शिक्षक डावीकडं वळणाऱ्या मोटारीपासून सावध राहा म्हणतो, ते आपल्यासाठी उजवीकडं वळणाऱ्या गाडीला लागू. नवख्या पोराला हे उलटं करून घेणं जमत नाही. रस्ते रिकामे, अंगात जाड जॅकेट, हातात मोजे. बैलगाडी नाही, गणपती पेठेत मधेच उभा राहिलेला टेम्पो नाही, ट्रॉलीतून सांडलेला ऊस नाही, पहिल्या पावसात तेल आणि धूळ मिसळून झालेला चिखलाचा थर नाही. आणि भाषा इंग्रजी, फार तर हिंदी.

प्लास्टर निघाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आम्ही बापलेक रविवारी सकाळी ओळखीच्या एका मंगल कार्यालयाच्या आवारात जायला लागलो. लग्नाची तिथी नसली की तिथलं डांबरी पार्किंग मोकळं असतं. मैदानावर मारतात ती पांढरी फक्की घेऊन मी रेघ आखली. रेघेवर आलं की ब्रेक, वेग 30. पहिल्यांदा मुद्दाम फक्त मागचा. चाक किंचाळलं, रेघेपासून माझी तेरा पावलं भरली. मग दोन्ही ब्रेक. पहिल्या चार-पाच खेपांना तिची बोटं पुढच्या लिव्हरवर जायची आणि तिथंच गोठायची. माझंच वाक्य तिच्या हातात अडकलं होतं. मग मी तिला म्हटलं, "म्हशीची धार काढतेस तशी बोटं आवळ. एकदम हिसका नाही, पण थांबायचंही नाही, आवळत जायचं." आजोळी तिनं धारा काढलेल्या आहेत, तिला ते लगेच कळलं. त्यानंतरच्या खेपेला पुढचं टोक खाली बसलं आणि गाडी सरळ रेषेत थांबली. सात पावलं. ती उतरून स्वतः मोजून आली, मग पुन्हा मोजलं.

तेरा आणि सात यांच्यामधली सहा पावलं म्हणजे माधवनगर रस्त्यावरची ती ट्रॉली.

पुढचा ब्रेक आंधळेपणानं दाबायचा नाही, हेही तिथंच शिकवावं लागतं. हँडल वळलेलं असेल, खाली खडी, वाडं किंवा ओला चिखल असेल, तर पुढचं चाक जाम झालं की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून आधी गाडी सरळ करायची, मग आवळायचं, आणि असल्या रस्त्यावर वेग आधीपासूनच कमी ठेवायचा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालंय. एबीएस असेल तर ते चाक जाम होऊ देत नाही. सीबीएसमध्ये मागचा दाबला तरी थोडा पुढचाही लागतो. पण थोडाच. पूर्ण थांबायचं तर दोन्ही हवेतच. आणि माझ्या गॅरेजला येणाऱ्या निम्म्या गाड्या त्याच्या आधीच्या आहेत, त्यांना यातलं काहीच नाही.

आणखी एक मी स्वतः घेतलेली सवय. गर्दीत चालवताना दोन बोटं पुढच्या लिव्हरवर नुसती टेकवून ठेवायची. ताशी 60 वेगाला गाडी एका सेकंदात सतरा मीटर जाते. आमचा रस्ता शंभर फुटी, म्हणजे रुंदी तीस मीटर. ब्रेक लावायचं डोक्यात येऊन बोटं लिव्हरपर्यंत पोचेपर्यंत या रस्त्याच्या निम्म्याहून जास्त रुंदीइतकं अंतर गेलेलं असतं, तेही ब्रेक न लागता. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. तीसला सात पावलांत थांबणारी माझी मुलगी साठला अठ्ठावीस पावलांत थांबेल. अठ्ठावीस पावलं मी तिला चालायला लावली. आवाराचं फाटक ओलांडून ती रस्त्यावर गेली.

आरसे काढून ठेवू नका, ट्रॉलीच्या बगलेत गाडी घालून रेंगाळू नका, तिथं ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही दिसत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे आणि पोलीसही सांगतात, म्हणून वाढवत नाही.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेटसाठी कायदा आहे, हजार रुपये दंड आहे, लायसन तीन महिने निलंबित करायची तरतूद आहे. ते हवंच. हेल्मेट पडल्यावर वाचवतं. पडायच्या आधीचं शिक्षण मात्र अजून मामांच्या तोंडीच आहे.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत माझं मागणं असं. सांगलीच्याच रस्त्यांवर, मराठीत, दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ तयार व्हावेत. एक नुसता ब्रेकचा, एक हंगामातल्या ट्रॉल्यांचा, एक पहिल्या पावसाचा. अकरावी-बारावीच्या वर्गात ते दाखवावेत, कारण अठरा पूर्ण होण्याआधीच पोरांच्या हातात गाडी असते हे घराघरात माहीत आहे. शिकाऊ लायसनला आलेल्या प्रत्येकाला दाखवावेत, आणि सोबत आलेल्या बापालाही बसवावं. पण नुसत्या व्हिडिओवर थांबू नये. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून पाण्यात सोडतात, पायरीवर उभं राहून सांगितल्यानं कुणी पोहत नाही. व्हिडिओनंतर अर्धा तास मैदानावर गाडी हातात द्यावी आणि पक्क्या परीक्षेत आठच्या आकड्यासोबत रेघेवर थांबून दाखवायला लावावं.

माझ्या व्यवसायातल्या बांधवांनाही विनंती आहे. गिऱ्हाईक पुढचा ब्रेक ढिला करा म्हणालं तर करू नका. मी बंद केलंय. दोन जण रागावून दुसऱ्या गॅरेजला गेले. एक जण थांबला, त्याला मी समोरच्या गल्लीत तीन वेळा थांबून दाखवायला लावलं, आणि पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन मंगल कार्यालयाच्या आवारात आला. आता आम्ही नऊ जण असतो, त्यात पाच बायका आहेत. मुलगी शिकवते, मी कडेला बसून केबली बघतो.

तिथी सुरू झाल्या की ते आवार मिळायचं बंद होईल. एखाद्या संस्थेनं रविवारी सकाळी सात ते नऊ डांबरी किंवा सिमेंटची मोकळी जागा दिली, तर फक्की, पाना आणि दोन जुन्या गाड्या मी घेऊन येतो. पैसे नकोत.

आपला नम्र,
एक दुचाकी मेस्त्री,
शंभर फुटी रस्ता, सांगली