चिपची कसोटी रक्तातच

संपादक महोदय,

‘रक्ताच्या एका थेंबात निदान’ अशा मथळ्यांखाली सूक्ष्म सिलिकॉन चिपच्या बातम्या येतात, तेव्हा मूळ अडचण बहुधा वगळलेली असते. डच संशोधक पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मध्ये आयन-संवेदी ट्रान्झिस्टर (द्रावणातील विद्युतभारित कण, म्हणजे आयन, ओळखणारा इलेक्ट्रॉनिक घटक) मांडला आणि त्याच तत्त्वावर आजचे अनेक जैवसंवेदक रेणूंचा विद्युतभार ओळखतात. मात्र रक्तातील क्षार हा भार एका नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकतात, तर हवा तो रेणू पकडण्यासाठी चिपच्या पृष्ठभागावर बसवलेले प्रतिपिंडच (अँटिबॉडी) सुमारे १० नॅनोमीटर लांब असते; म्हणजे पकडलेल्या रेणूचा भार चिपला जाणवणे कठीण. त्यामुळे कमी क्षारांच्या द्रावणात चोख चालणारी चिप रक्तात आंधळी ठरू शकते. शिवाय नको ती प्रथिने पृष्ठभागाला चिकटतात, ही डोकेदुखी वेगळीच. चाचणी कोणत्या द्रवात घेतली, एवढे तरी बातमीत छापावे, ही विनंती.

— एक वाचक