झाकण हातात घे

भोसरी, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, मोल्ड उघडला की नुसत्या प्लेटा आणि पिनाच दिसतात, डोक्यात काही शिरत नाही." मोल्ड म्हणजे प्लास्टिकला आकार देणारा दोन भागांचा साचा. तो समजायला लाडवांच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण हातात घे.

वर मधोमध बोटाला बारीक टोक लागेल. तो गेट. वितळलेलं प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, मशीनच्या नोझलमधून स्प्रूत (मोल्डमधल्या मुख्य वाटेत) आणि तिथून या टोकातून आत शिरलं. बाहेरचा आकार कॅव्हिटीचा, म्हणजे मोल्डच्या खोलगट भागाचा; आतला कोअरचा, म्हणजे त्यात शिरणाऱ्या उंचवट्याचा. मोल्डमधली पाण्याची भोकं पोलादातली उष्णता ओढून घेतात. एक नग काढायच्या सायकलचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

आता झाकण उलटं कर. आत गोल वळ दिसतील. थंड होताना हा माल साधारण दीड टक्का आकसतो आणि कोअरला घट्ट बिलगतो. म्हणून त्याला ढकलणाऱ्या इजेक्टर पिना कोअरच्याच बाजूला; वळ त्यांचेच. मोल्ड मिटताना रिटर्न पिना या पिनांना धरणारी इजेक्टर प्लेट मागे नेतात, नाहीतर इजेक्टर पिना थेट कॅव्हिटीवर आदळतील.

झाकणावर ज्याचा वळ दिसत नाही असा एक भाग म्हणजे व्हेंट, हवा जायची फट. प्लास्टिक आत यायच्या आधी तिथे हवा असते, ती जायला नको का? पार्टिंगच्या, म्हणजे मोल्डचे दोन भाग मिळतात त्या, कडेला दोन शतांश मिलिमीटर खोल चर असतो. एवढ्याशा फटीतून हवा जाते, प्लास्टिक जात नाही.

नवा होतो तेव्हा एका क्रेटचा कोपरा सारखा काळा आणि अर्धवट यायचा. माल पोचत नाही असं समजून रात्रभर मी प्रेशर वाढवलं, टेंपरेचर वाढवलं. कोपरा आणखीच काळा. सकाळी आमच्या मिस्त्रींनी मशीन बंद करून पितळेच्या पट्टीने व्हेंटमधला चिकट थर खरवडला. पहिलाच शॉट स्वच्छ! अडकलेली हवा दाबाने इतकी तापत होती की प्लास्टिकच जाळत होती. मी मात्र दाब वाढवत बसलो होतो. त्या रात्रीचा वाया गेलेला माल अजून डोळ्यांसमोर आहे गं.

साफ करताना पितळच घे, लोखंडी पट्टीने पार्टिंगवर ओरखडे जातात. आणि मोल्डमध्ये हात घालण्याआधी मशीन बंद आहे हे स्वतः बघ, कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नकोस.

आई नवे लाडू करतेय. डबा परत आण.

तुझा,
बाबा